पेस्ट थोडी, दाब सारखा

"दादा, मशीन गरम होतंय आणि अर्ध्या तासात आपोआप बंद पडतंय." विट्यातल्या यंत्रमागाच्या केबिनपासून सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्याच्या पेढीपर्यंत, कराडच्या महा ई-सेवा केंद्रापासून साताऱ्यातल्या डीटीपीच्या दुकानापर्यंत, संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या कानावर हे वाक्य सारखं पडत असतं. उत्तरही ठरलेलं असतं: "पेस्ट सुकली असेल, नवी मारून देतो." मग प्रोसेसरवर पांढऱ्या पेस्टचा भरघोस थर बसतो, कूलर दाबून बसवला जातो, मशीन चार-आठ दिवस बरं चालतं आणि पुन्हा बंद पडायला लागतं. पुष्कळदा पेस्ट कमी पडलेलीच नसते. ती जास्त झालेली असते, जुन्या थरावरच नवी चढवलेली असते, नाहीतर कूलरची एखादी पिन अर्धवट बसलेली असते. हे काम अवघड नाही. स्क्रू-ड्रायव्हर नीट धरता येणाऱ्या कुणालाही ते घरी जमतं. मात्र पेस्टचं नेमकं काम काय, हे आधी समजून घ्यायला हवं. किती लावायची, कशी लावायची आणि कधी अजिबात हात लावायचा नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

पेस्टचं काम फट भरण्याचं. प्रोसेसरवरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांवर बारीक चरे आणि खळगे असतात, किंचित बाकही असतो. ते एकमेकांवर नुसते ठेवले तर धातूला धातू मोजक्याच ठिकाणी टेकतो आणि उरलेल्या जागेत हवा अडकते. हवा उष्णतेला फार अडवते. उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेचं माप वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन असं धरतात. त्यात हवेचा आकडा ०.०२६ आहे, चांगल्या पेस्टचा ४ ते १२, ॲल्युमिनियमचा २०० च्या वर आणि तांब्याचा ४०० च्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा दीडशे ते साडेचारशे पटींनी सरस आहे, पण तांब्यापेक्षा तीस ते शंभर पटींनी कमी. जिथे हवा होती तिथे पेस्ट आली तर फायदा. जिथे धातू धातूला टेकू शकला असता तिथे पेस्टचा जाड थर आला तर तोटा.

हा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. झाकण ३० मिलिमीटर लांब आणि तेवढंच रुंद, म्हणजे ९०० चौरस मिलिमीटर. प्रोसेसर ६५ वॅटचा. मधली फट ०.०५ मिलिमीटर. त्या फटीत सगळीकडे हवाच असती तर झाकण आणि कूलरच्या तळाच्या तापमानात जवळजवळ १४० अंशांचा फरक पडला असता. तिथे ५ क्षमतेची पेस्ट असेल तर फरक एका अंशाहूनही कमी. साधी, १ क्षमतेची पांढरी पेस्ट असेल तर साडेतीन अंश. आता तीच ५ क्षमतेची चांगली पेस्ट अर्धा मिलिमीटर जाडीची थापली, तर फरक सात अंशांवर जातो. प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकलेला असतो आणि उष्णता झाकणाखालच्या छोट्या चिपमधून एका जागी वर येते, त्यामुळे खरे आकडे पुढेमागे होतात. पण पातळ लावलेली साधी पेस्ट ही जाड थापलेल्या महागड्या पेस्टपेक्षा चांगली, एवढं या आकड्यांवरून पक्कं होतं. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

कूलर उघडण्याआधी दोष खरंच पेस्टचा आहे का, ते तपासा. त्यासाठी मशीन सुरू करून बायोसमध्ये जा किंवा विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्पसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि तापमान किती होतंय यापेक्षा ते किती वेगाने चढतंय ते बघा. मशीन सुरू होताच काही सेकंदांत आकडा ८०-९० वर उडी मारत असेल आणि काम थांबताच तितक्याच झटकन खाली येत असेल, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. दोष संपर्कात आहे: पेस्ट, पिन किंवा दाब. उलट तापमान वीस-पंचवीस मिनिटांत हळूहळू चढत असेल तर उष्णता कूलरपर्यंत पोचते आहे, पण पुढे बाहेर पडत नाही. दोष धुळीत, पंख्यात किंवा कॅबिनेटच्या हवेत आहे. खात्री करायची तर मशीन बंद करून, वायर काढून, लगेच कूलरच्या धातूच्या पट्ट्यांना (हीटसिंकला) बोट लावा. स्क्रीनवर ९५ दिसत होतं आणि पट्ट्या थंडगार आहेत, तर पेस्टचं काम निघालं. पट्ट्या चटका देत असतील तर आधी धूळ काढा. पेस्टला हात लावायची वेळ कदाचित येणारच नाही.

आपल्या भागात हा दुसरा प्रकार फार आढळतो. विट्यात मागाजवळच्या खोलीत कापसाचं तूस पंख्याच्या खाली, पट्ट्यांच्या वरच्या टोकाला, जाजमासारखं बसतं. वरून पंखा स्वच्छ दिसतो. तो काढल्याशिवाय खालचा थर दिसत नाही. सांगलीच्या हळदीच्या बाजारात सौद्यांच्या दिवसांत पिवळी बारीक पूड कॅबिनेटमध्ये शिरते. साखर कारखान्यांच्या परिसरातल्या गावांत गळीत हंगामात चिमणीची काळी राख अंगणात पडते, तशी ती खिडकीजवळच्या मशीनमध्येही जाते. माण-खटाव, जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात मातीची धूळ. प्रत्येक ठिकाणचा हंगाम वेगळा, म्हणून साफसफाईही तुमच्याकडचा हंगाम संपला की करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. गॅरेजमधला कॉम्प्रेसर वापरणार असाल तर टाकीतलं पाणी आधी काढून टाका आणि नळी लांब धरा, नाहीतर हवेबरोबर पाण्याचे तुषार थेट मदरबोर्डवर उडतात.

खोलीचं तापमानही मोजा. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीपेक्षा किती अंश वर राहायचं ते ठरवतो. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं मशीन मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशांना ८५ दाखवेल, आणि त्यात पेस्टचा काही दोष नसेल. महाबळेश्वर-पाचगणीत तेच मशीन वर्षभर निवांत चालेल.

आता सामान. पेस्ट सिरिंजमध्ये मिळणारी घ्या. आर्क्टिक, नॉक्टुआ, कूलर मास्टर, डीपकूल यांच्या मधल्या दर्जाच्या पेस्ट घरगुती आणि दुकानातल्या मशीनला पुरेशा आहेत. पाकिटावर छापलेल्या क्षमतेच्या आकड्यांमागे फार लागू नका. प्रत्येक कंपनी ते आपापल्या पद्धतीने मोजते, आणि वरचा हिशेब बघितलात तर ८ आणि १२ यांतला फरक अंशाच्या भागाइतकाच उरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डबीत मिळणारी पांढरी हीटसिंक पेस्ट स्टॅबिलायझर, ॲम्प्लिफायर यांच्यासाठी असते. जुन्या, कमी वॅटच्या प्रोसेसरला ती अडीनडीला चालते. पण उघडी डबी हळदीच्या पेढीवर किंवा मागाच्या खोलीत वापरू नका, कारण तिच्यात पडलेला एक कणसुद्धा कूलरला तिरका धरतो. सिरिंज जुनी असेल तर पहिला थोडा भाग कागदावर काढून बघा. तेल वेगळं आणि पेस्ट भुसभुशीत निघाली तर ती टाकून द्या. उन्हाळ्यात सिरिंज मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका.

टूथपेस्ट, व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस यांचे प्रयोग अजून चालतात. टूथपेस्ट पहिल्या दिवशी चांगला आकडा दाखवते, कारण तिच्यातलं पाणी उष्णता वाहून नेतं. ते पाणी काही दिवसांत उडून जातं आणि मागे भेगाळलेला खडू राहतो. व्हॅसलीन गरम झालं की पातळ होऊन बाहेर झिरपतं. दुसऱ्या टोकाला लिक्विड मेटल आहे. तो गॅलियमचा मिश्रधातू. तो वीज वाहून नेतो, म्हणून एक थेंब मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं, आणि गॅलियम ॲल्युमिनियमला खातो, तर आपल्याकडच्या स्वस्त कूलरचा तळ बहुधा ॲल्युमिनियमचाच असतो. घरगुती मशीनला त्याची गरज नाही.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ९० टक्क्यांच्या वरचं. मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ते 'आयपीए' म्हणून मागा. मेडिकलमधल्या साध्या स्पिरिटमध्ये पाण्याचा अंश जास्त असतो. तेच वापरावं लागलं तर पूर्ण वाळेपर्यंत थांबा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर नको. आयपीए झटकन पेट घेतं, म्हणून संध्याकाळी दुकानात उदबत्ती किंवा दिवा लावलेला असेल तर ती वेळ टाळा. कापड म्हणून चष्मा पुसायचं मायक्रोफायबर किंवा चांगला टिश्यू पेपर घ्या. जुन्या बनियनचा तुकडा तंतू सोडतो.

कूलर काढण्याआधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवा. पेस्ट ऊबदार झाली की नरम पडते आणि कूलर सहज सुटतो. मग मशीन बंद करून मेनची वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेला भार निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, अंगात स्वेटर असताना, हे विसरू नका. कॅबिनेट आडवं ठेवा. कूलरच्या पंख्याची वायर आधी सोडवा.

इंटेलच्या कंपनीतून आलेल्या कूलरला चार पुश पिना असतात. प्रत्येक पिनच्या डोक्यावर बाण असतो. त्या दिशेने पाव फेरा द्या आणि पिन वर ओढा. चारही सुटल्या की कूलर उचला. एएमडीच्या मशीनमध्ये इथे थांबून श्वास घ्या. एएम४ आणि त्याआधीच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि सॉकेटचा खटका लावलेला असला तरी प्रोसेसर पेस्टला चिकटून कूलरबरोबर उपटून येऊ शकतो. सरळ वर ओढलं तर पिना वाकतात. म्हणून कूलर सुटा झाला की तो आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा, पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळलं की मगच उचला. तरीही प्रोसेसर वर आलाच तर घाबरून ओढू नका. कूलर उलटा धरा, प्रोसेसर कडेने धरून फिरवत सोडवा आणि पिना तिरक्या नजरेने एकेक ओळ करून तपासा. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये गेल्या, त्यामुळे ही भीती तिथे नाही.

इंटेलच्या मशीनमध्ये पुसण्यासाठी प्रोसेसर सॉकेटमधून काढायची गरज नाही. काढूच नका. सॉकेटमधल्या पिना इतक्या नाजूक असतात की टिश्यूचा कोपरा अडकला तरी वाकतात. प्रोसेसर जागेवर ठेवून कोरड्या टिश्यूने जाड पेस्ट कडेकडून मध्याकडे गोळा करत उचला, म्हणजे ती सॉकेटच्या फटीत पडणार नाही. वाळून दगड झालेली असेल तर आयपीएचे दोन थेंब टाकून मिनिटभर मुरू द्या. प्लास्टिकचं जुनं कार्ड चालेल. ब्लेड, पटाशी, पॉलिश पेपर चालणार नाही. मग आयपीएने ओल्या कापडाने प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही पुसा. शेवटचा कपडा पांढरा निघेपर्यंत पुसत राहा. झाकणावरची अक्षरं ठळक दिसू लागली की झालं. आता त्या जागेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागतं. नवा कूलर असेल तर तळाची पारदर्शक फिल्म सोलली ना, ते बघा. या एका फिल्मने कितीतरी नवी मशीन पहिल्या दिवशी बंद पाडली आहेत. नव्या कूलरच्या तळाला कंपनीने आधीच राखाडी पेस्ट लावलेली असेल तर वर दुसरी लावू नका. तीच पुरते. पण ती एकदाच वापरायची. कूलर एकदा बसवून काढला की ती पुसून नवी लावायची.

पेस्ट किती? जुन्या इंटेल प्रोसेसरच्या, म्हणजे ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० सॉकेटवाल्यांच्या झाकणाच्या मधोमध एकच थेंब, चार ते पाच मिलिमीटर व्यासाचा. अंदाज नसेल तर फुटपट्टी शेजारी ठेवून कागदावर एक थेंब काढून बघा. हा थेंब फारच लहान वाटतो, आणि हात आणखी दाबायला शिवशिवतो. हिशेब बघा: पाच मिलिमीटर व्यासाच्या गोळीत साधारण ६५ घन मिलिमीटर पेस्ट असते. ती ९०० चौरस मिलिमीटरवर पसरली तर थर होतो ०.०७ मिलिमीटरचा, माणसाच्या केसाइतका. आपल्याला हवा त्यापेक्षा तो पातळ नाहीच, थोडा जाडच आहे, आणि जास्तीचा भाग दाबाने कडेला येणार आहे. याच मापाने चार ग्रॅमच्या सिरिंजमध्ये वीस-पंचवीस मशीन होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची किंवा एमएस-सीआयटी केंद्राची अख्खी लॅब एका सिरिंजमध्ये निघते.

२०२१ च्या शेवटी आलेल्या १७०० सॉकेटचे प्रोसेसर, म्हणजे इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी, लांबट आहेत. त्यांना मध्ये एक चार मिलिमीटरचा थेंब आणि चार कोपऱ्यांकडे दोन-दोन मिलिमीटरचे चार थेंब द्या. लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ ओढली तरी चालते. एएमडीच्या रायझनलाही मध्यात एक आणि कोपऱ्यांकडे चार ही रीत बरी पडते. ठिपका चांगला की रेघ की फुली, यावर लोक तासन् तास वाद घालतात. माप बरोबर असेल आणि दाब सारखा असेल तर या आकारांनी अंश-दीड अंशापलीकडे फरक पडत नाही. कार्डाने किंवा बोटाला पिशवी गुंडाळून आधीच पसरवायची सवय असेल तर थर अगदी पातळ आणि सलग ठेवा, नाहीतर मध्ये हवेचे बुडबुडे कोंडले जातात. झाकणवाल्या प्रोसेसरला पसरवण्याची गरज नाही. ते काम कूलरचा दाब करतो.

थेंब झाला की कूलर वरून सरळ खाली आणा. सरकवू नका, आणि टेकवल्यावर 'पसरली का' हे बघायला पुन्हा उचलू नका. उचलला की हवा शिरते, मग दोन्ही बाजू पुसून पहिल्यापासून सुरुवात. आधीच पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या तिच्या जागेपर्यंत पोचेल अशी दिशा ठरवून ठेवा, म्हणजे कूलर ठेवल्यावर फिरवावा लागणार नाही.

पुश पिनांपाशी काम बिघडतं. काढताना फिरवलेली प्रत्येक पिन बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणा. हे न करता दाबली तर ती बसल्यासारखी वाटते आणि बसत नाही. चारही पांढरे पाय मदरबोर्डच्या भोकांत आले का ते बघा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना दोन अंगठ्यांनी एकदम दाबा. टक असा आवाज येतो. मग उरलेल्या दोन. आता मदरबोर्डच्या मागून बघा: प्रत्येक भोकातून पांढरा पाय बाहेर आलेला आणि त्याच्या मधली काळी दांडी घुसून तो फाकलेला दिसला पाहिजे. एखादा पाय चेपला गेलेला दिसला तर कूलर तिरका आहे. अशा कूलरखाली पेस्ट एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड राहते. जितकी पेस्ट ओताल तितकी ओता, आकडा उतरत नाही. पिन तुटली असेल तर वायर बांधून, टाय लावून किंवा फेविक्विक ओतून भागवू नका. मागे पट्टी आणि स्क्रू असलेला संच मिळतो, तो घ्या. घेताना भोकांचं अंतर बघा: ७७५ सॉकेटला ७२ मिलिमीटर, ११५५ पासून १२०० पर्यंत ७५, आणि १७०० ला ७८. तीन मिलिमीटरच्या फरकाचा कूलर ओढूनताणून बसवला तर मदरबोर्ड वाकतो.

स्क्रूचा कूलर असेल तर चारही स्क्रू आधी नुसते पकडू द्या. मग समोरासमोरचे, दोन-दोन फेरे, आलटून पालटून. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात लावला तर पेस्ट एका बाजूने बाहेर ढकलली जाते. एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर बसवताना मदरबोर्डवरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आधी काढाव्या लागतात. तेव्हा मागची प्लेट हाताने धरून ठेवा, ती खाली पडते. स्क्रू थांबले की थांबा. पंख्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावा, आणि ती पात्यांना घासत नाही ना ते बोटाने पंखा फिरवून बघा.

मशीन सुरू करून थेट बायोसमध्ये जा आणि पाच मिनिटं तापमान बघत बसा. ते खोलीपेक्षा दहा-वीस अंश वर जाऊन स्थिरावलं तर ठीक. तिथून सारखं चढत राहिलं तर बंद करून पिना पुन्हा तपासा. मग विंडोजमध्ये एखादं जड काम अर्धा तास लावा: व्हिडिओ रेंडर, मोठी फ्लेक्सची फाईल, काहीही. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आणि रायझन ९० ते ९५ ला स्वतःचा वेग कमी करू लागतात. कामाच्या वेळी त्यापेक्षा पंधरा-वीस अंश खाली राहिलात तर निश्चिंत असा. आता एक छोटी चिठ्ठी लिहा: तारीख, खोलीचं तापमान, रिकामं असतानाचा आकडा, जड कामातला आकडा. ती कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी मशीन तापतंय असं वाटलं की तुमच्याकडे तुलनेला काहीतरी असेल. दुकानात दुरुस्तीला दिलंत तरी आधीचा आणि नंतरचा आकडा मागा. चांगला कारागीर तो आनंदाने दाखवतो.

नीट लावलेली पेस्ट डेस्कटॉपमध्ये तीन-चार वर्षं सहज टिकते, अनेकदा त्याहून जास्त. दर दिवाळीच्या साफसफाईला ती बदलायची गरज नाही. चिठ्ठीतला आकडा त्याच ऋतूत दहा अंशांनी वर गेला आणि धूळ काढूनही उतरला नाही, तर बदला.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. तिथे झाकण नसतं, काचेसारखी चमकणारी चिप उघडीच असते, म्हणून ती कडेपर्यंत पूर्ण झाकली जाईल असा पातळ थर आधीच पसरवा. न झाकलेला कोपरा तिथल्या तिथे तापतो. स्क्रूंच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने आवळा आणि काढताना उलट क्रमाने काढा. शेजारच्या मेमरी चिपांवर राखाडी किंवा निळसर मऊ पट्ट्या असतात, ते थर्मल पॅड. तिथली फट अर्धा-एक मिलिमीटरची असते. फाटलेला पॅड काढून तिथे पेस्ट भरली तर ती कूलरपर्यंत पोचतच नाही आणि ती चिप काही महिन्यांत जाते. तेवढ्याच जाडीचा नवा पॅड कापून लावा.

सगळं नीट करूनही आकडा उतरत नाही, अशी मशीन आपल्याकडे खूप आहेत. ऑफिसांतून निघालेले, जुन्या बाजारातून आलेले तिसऱ्या आणि चौथ्या पिढीचे आय-३, आय-५. २०११ च्या दुसऱ्या पिढीत इंटेलने झाकणाखालची चिप झाकणाला सोल्डरने जोडली होती. २०१२ च्या तिसऱ्या आणि २०१३ च्या चौथ्या पिढीत आतही पेस्टच आली. ती आता दहा वर्षांहून जुनी आहे आणि बाहेरून तिच्यापर्यंत पोचता येत नाही. झाकण उघडायचे व्हिडिओ बघून तो प्रयोग करू नका. चिप फुटते. त्यापेक्षा विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के करा. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. ज्या प्रोसेसरला टर्बो आहे, म्हणजे आय-५ आणि आय-७, त्यांचं तापमान लगेच खाली येतं, आणि टॅली, मराठी टायपिंग, दाखल्यांचे अर्ज यांत वेगाचा फरक जाणवतही नाही. त्या काळच्या आय-३ ला टर्बो नसतो, तिथे तोच आकडा ८० टक्क्यांवर आणून बघा.